चित्रात कोणी नाही

मोबील शहराच्या ग्रंथालयाचं तळघर.
वर अलाबामाचा जुलै
ओल्या घोंगडीसारखा अंगावर पडलेला,
खाली यंत्राने मोजून दिलेला गारवा,
आणि मी हातमोजे चढवून
काचेची निगेटिव्ह उजेडापुढे धरतो, एकेक.

उलटं शहर असतं त्यांत.
आभाळ काळं, खिडक्या पांढऱ्या,
धक्क्यावर रचलेला कापूस कोळशासारखा.
माणसं दिसलीच तर तीही उलटी:
कोणाला कुठल्या दाराने आत घ्यायचे
ते या काचेवरून सांगता येत नाही.

खोका एकेचाळीस. मारियन हॉटेल, १९०८.
लोखंडी जाळीचे सज्जे, खांब, रुंद जिना.
पाडलं १९६४. सध्या तिथे वाहनतळ.
माझ्या आधीच्या कोणी, वळणदार अक्षरात,
कार्डावर खाली लिहून ठेवलंय:
चित्रात कोणी नाही.

मंगळवारी मिसेस टॉलिव्हर येतात.
व्हर्लीन टॉलिव्हर, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या.
काही मागत नाहीत,
टेबलावर असेल ते बघतात, पेपरमिंट चघळत.
आज मात्र बोट पडद्यावर टेकलं.
"हे पायरीवरचं धुकं कसलं?"

मी समजावून सांगितलं.
पहाटेचा उजेड कमी, भिंग आठ सेकंद उघडं.
थांबलं ते उमटलं,
हललं ते पुसलं गेलं.
"थांबणं कोणाला परवडत होतं," त्या म्हणाल्या,
"तेही लिहा मग."

आणि पायऱ्या मोजायला लागल्या.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
सोळा.
"आमच्या घरातली पोरं आधी सोळापर्यंतच शिकायची.
आजोबा, एझेल, सूर्य उगवायच्या आत
मारियनच्या पायऱ्या झाडायचे.
त्यांचे आकडे तिथेच संपायचे.
सतरा आम्हाला शाळेत भेटला."

ते तेच कशावरून, असं मी विचारलं.
मला पगार त्याचाच मिळतो.
"कशावरूनच नाही," त्या हसल्या.
"पण एवढ्या पहाटे झाडू मारायला
गव्हर्नर तर आला नसेल."

माझी मावसआजी त्याच जिन्यावर उभी राहिली होती,
लग्नाच्या दिवशी.
तो फोटो घरी आहे. हातमोज्याची बटणंसुद्धा मोजता येतात.
हे मी बोललो नाही.

कार्डावरची ओळ खोडली. शिसपेन्सिलीने लिहिलं:
पायऱ्यांवर एक माणूस. झाडतो आहे.
नाव लिहायला पुरावा लागतो, तेवढी जागा कोरी ठेवली.
मिसेस टॉलिव्हरनी चष्मा वर करून वाचलं,
"झाडतो आहे" वर नजर जरा जास्त रेंगाळली,
मग पर्स उचलली.
गाडी त्याच वाहनतळात लावली होती त्यांनी.
"तासाला चार डॉलर," जाता जाता म्हणाल्या,
"आणि कचरा बघा किती."

संध्याकाळी झालेले चाळीस खोके परत उघडले.
बँकेच्या दाराशी एक पांढुरका फराटा.
कोर्टाच्या घड्याळाखाली, शिडीच्या टोकाला, दोन.
मासळीबाजारात तर नुसती वाफ,
मी तिला इतके दिवस
काचेचा दोष म्हणत आलो.

काचा पुसायचं मऊ फडकं
आता हातात धरवत नाही.
कुठला डाग धुळीचा,
कुठला कामाला निघालेला.