बिनबाह्यांचा

चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर खारीक ओकली,
नेहमीसारखी, आधी माझ्याकडे बघून.
धुकं असं, की मागच्या ट्रकचा
नुसता हॉर्नच दिसत होता.
मी गाडी कडेला घेतली, सीट पुसली,
तिचा स्वेटर सरळ केला.

स्वेटर खरं तर त्याचा. राखी, बिनबाह्यांचा.
जाताना कपाटात राहिला.
दोन भोकांतून हिचे पुढचे पाय घातले,
पोटाखाली चार टाके मारले,
आणि तीन हिवाळे सांगलीत
कुणीही विचारलं नाही, हा कुणाचा.

डिचोलीत दोन लॉजवाल्यांनी नुसती मान हलवली.
तिसऱ्यानं विचारलं, किती जण?
म्हटलं, आम्ही दोघी.
त्यानं रजिस्टर उघडलं,
टेबलाखाली वाकून पाहिलं,
रजिस्टर मिटलं.

नार्वेच्या धक्क्यावर फेरीची फळी खणकन आपटली
आणि खारीक होती तिथंच बसली.
एका बाईच्या डोक्यावर बांगड्यांची पाटी.
'चाबता गो ती?'
'नाही हो.'
'मागीर हाड तिका,' म्हणत ती पुढं झाली.
पाटीमागोमाग खारीक,
फळी, पाणी, इंजिनाची धडधड
सगळं विसरून.

दिवाडीला फ्लोरिंदाबाई बलकावात बसलेल्या,
कानांवरून मफलर.
'खूब हींव,' म्हणाल्या.
मी हसू दाबलं. आमच्याकडे एवढ्या हवेत
लोक उघड्यावर आंघोळ करतात.
खारकेनं त्यांच्या चपला हुंगल्या,
मांजर कुठं आहे ते ठरवलं,
आणि पायरीभर पसरली,
जणू खोलीचं भाडं तीच देणार.

सकाळी पोदेराचा भोंगा, गरम पोळे,
अर्धा तिला, अर्धा मला,
मग बांधावरून चालणं.
खाली वायंगणाची लावणी चाललेली,
गुडघाभर चिखलात बायका, त्यांच्यामागं बगळे.
बगळ्यांवर धावायचं आणि पोचायचं नाही
हे तिला बरोबर जमतं.
परतली ती दवानं भिजून.
ओल्या स्वेटरला त्याचा वास येत होता,
की ओल्या कुत्र्याचा?
मला आता फरक सांगता येत नाही.

एकतीस तारखेला नाक्यावर पोरांनी म्हातारा उभा केला,
पेंढ्याचा. पँट होती, हॅट होती,
वांग्याचं नाक होतं.
छाती तेवढी उघडी, पेंढा बाहेर येणारी.
'आंटी, जुने कपडे आसात?' शेरविन म्हणाला,
वय नऊ, पुढचे दोन दात रजेवर.

मी बॅगेतली छोटी कात्री काढली.
पोटाखालचे टाके उसवेपर्यंत
खारीक डॉक्टरकडे उभी राहते तशी उभी राहिली.

म्हाताऱ्याला तो बरोब्बर बसला.
खांद्यात जरा सैल.
तसाच असायचा.
खारीक जवळ गेली, वास घेतला,
शेपटी दोनदा हलवली,
आणि जरा बाजूला बसून लघवी केली.

म्हातारा जळताना मी पाहिला नाही.
फटाके सुरू झाले तशी ती पलंगाखाली,
आणि तिच्या मानेवर हात ठेवून
मीही फरशीवर पालथी, धुळीत,
कुणाच्या तरी हरवलेल्या बटणाशेजारी.
भिंतीवर थोडा वेळ उजेड हलला,
पोरं ओरडली, मग थांबली.

दुसऱ्या दिवशी फेरीवर ती कुडकुडायला लागली.
पाण्यावरून वाफ निघत होती
आणि मी मूर्खासारखी शाल शोधत होते
जी माझ्याच अंगावर होती.

साखळीच्या बाजारात लोकर मिळेना.
शेवटी बटणं-लेस विकणाऱ्याकडं निघाली, तीही फक्त पिवळी,
झेंडूसारखी, डोळ्यांत जाणारी.
'कुणासाठी?' त्यानं टेप काढली. 'छाती किती?'

माप मला ठाऊक नव्हतं.
मी गाडीचं दार उघडलं.