सतरावा चौकोन

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
पाठीवर वीस चौकोन चिकटवले,
शेजारी शाईनं आकडे.
दोन दिवस पाणी नाही, घामही नको.

रामकुंडावर कुठकुठली माणसं बुडी मारतात,
मी सातपूरला पालथी पडून.
लेक विचारते, आई, सापशिडी खेळू?

खाज नेमकी कुठल्या घरात
हे पाठीला कळतं,
बोटाला नाही.

पट्ट्या निघाल्या.
सतरा.
मसुरीएवढे फोड.
सतरा म्हणजे काळ्या मेंदीतला तो रंग
ज्यानं मी अकरा वर्षं
अख्ख्या कॉलनीचं वय लपवलं.

संध्याकाळी खैरनारबाई आल्या,
भाच्याची हळद, घाई.
हातमोजा चढवून
कानामागे एक ठिपका लावला,
म्हटलं, परवा या.

हसल्या.
समोरच्या पार्लरचा जिना चढल्या.