डाव्या डोळ्याचा फाल्गुन

गड्ड्याचे पाळणे उचलून महिना झाला,
होम मैदानावर नुसती धूळ,
आणि मी अजून काळा चष्मा लावून
दिवसातून चारदा थेंब घालून घेतोय
सत्यम्माकडून.
डाव्याचा मोतीबिंदू निघाला.
उजव्याची पाळी होळीनंतर.

म्हणजे सध्या माझ्याकडे दोन फाल्गुन आहेत,
एक धुतलेला, एक धुवायचा.

आज दस्तगीरला म्हटलं, काढ रिक्षा,
हिप्परग्याच्या अंगाला घे.
"उन्हाचं कुठं चाललाव मामा? तळ्यात काय हाय?"
तळं नको रे. रंग बघायचेत.

चौतीस वर्षं डायहाऊसच्या वाफेत उभा होतो.
टॉवेल, चादर, परत टॉवेल.
सुताची लड पिळायची, खिडकीशी न्यायची,
शेडकार्डाला लावून बघायची
आणि म्हणायचं, ओके.
किंवा, अजून एक डुबी द्या.
माझ्या शब्दावर ट्रक सुटायचे.

तुळजापूर रस्त्याला शेवगा लागला.
उजव्यानं बघितला: तूप.
डाव्यानं: निरसं दूध, धार काढल्या काढल्या.
एवढं पांढरं असतं होय हे?

मग बांधावरचा पळस.
एक पान नाही अंगावर.
उजव्या डोळ्याला तो गाळलेल्या चहासारखा,
बरा, ओळखीचा.
उजवा झाकला
आणि मान मागं गेली आपोआप,
बॉयलरचं दार उघडल्यावर जायची तशी.
खाली पडलेलं एक फूल उचललं,
पोपटाच्या चोचीगत बाकदार,
देठाच्या वाटीला काळी लव.
काळ्यावर शेंदरी! हे कॉम्बिनेशन
कुठल्या डिझाइन मास्तरनं पास केलं असतं?

पलीकडं करडई.
कालची फुलं पिवळी, परवाची केशरी,
त्याआधीची विटकरी, सगळी एकाच झाडावर.
एका लॉटमध्ये तीन शेड,
आणि रिजेक्ट कोणी करत नाही.

मी बांधावर उभा,
हा डोळा झाक, तो उघड. तो झाक, हा उघड.
शेतातली बाई खुरपं घेऊन ताठ झाली.
"ह्या वयात डोळा मारतोय की ओ म्हातारा!"
दस्तगीर हसून हसून हँडलवर पडला,
मग म्हणाला, तसं नाही मावशी,
ऑपरेशन झालंय, एकच डोळा नवा हाय.
"मग नव्यानं बघा की," ती म्हणाली,
"जुन्याला कशाला तरास?"
आणि काटे चुकवून
चिमूटभर पाकळ्या खुडून माझ्या हातावर ठेवल्या.

तळहात पिवळा झाला.
नळाखाली धरला की जाईल.
कच्चा रंग.
चौतीस वर्षं हा शब्द मी
पोरांना शिवी म्हणून वापरला.

येताना गप्प होतो.
शेवटची पाच-सहा वर्षं
मी कुठल्या डोळ्यांनी ओके म्हणत होतो?
लांबच्या कुठल्या देशात कोणीतरी
माझ्या पांढऱ्या टॉवेलनं तोंड पुसत असेल,
आणि तो पांढरा नसेल.
पार्टीची तक्रार आली नाही कधी.
तिकडच्या मास्तरलाही मोतीबिंदू असेल,
दुसरं काय.

घरकुलाच्या तारेवर गोकर्ण चढलाय.
रोजचाच. फाटक उघडताना लावतो तो हात.
आज हात तिथंच राहिला.
निळा.
असा निळा मी हौदात कधी उतरवला नव्हता,
की उतरवला होता, आणि मलाच दिसला नाही?

सत्यम्मा बाटली घेऊन आली. वर बघा.
थेंब पडला, सगळं वितळलं,
मग हळूहळू जागेवर आलं:
पत्रा, चिमणी, तिच्या खांद्यावरचा पदर.
ही तीच साडी, दिवाळीची.
दुकानात, जिन्यात, बसमध्ये
मी हिरवी म्हणत होतो आणि ती निळी.
रंगाचं मला शिकवू नको, असंही म्हणालो होतो,
लोकांसमोर.

"काय दिसलं का आज?"

मी डावा डोळा मिटला.
हिरवी.
परत उघडला.

बोललो काहीच नाही.
उजव्याचं ऑपरेशन होळीनंतर आहे,
हार कबूल करायला
तेवढी मुदत आहे अजून.