शंभराचा हिशेब

एप्रिलात चोकाई डोंगराच्या खांद्यावर
अजून बर्फ असतो,
आणि इसोएबाईंच्या शेडमध्ये मिठाचं पाणी.
त्यात त्या अंडं सोडतात.
बुडालं, तर मीठ कमी.
आडवं तरंगून नाण्याएवढी पाठ दाखवली
की म्हणतात, हं, ओत आता.
पोकळ साळ वर येते, भरलेली तळ गाठते.
वर येणाऱ्यांचं इथे काही खरं नाही.

मी ओसाकाची. लग्नाआधी तांदूळ
पाच किलोच्या पिशवीत उगवायचा.
सासूबाईंनी मला पाढा दिला:
पाण्याचे अंश गुणिले दिवस,
शंभर भरले की बी जागं होतं.
दहा अंशांचं पाणी, दहा दिवस.
साडेबारा असेल तर आठ.
सोपं आहे, मी म्हटलं.
त्या काही बोलल्या नाहीत,
मुळ्याचं लोणचं चावत राहिल्या, कुरुम कुरुम.

पोती मी ओढ्यात सोडली.
ओढा त्या दिवशी सहा अंशांवर होता,
डोंगरावरून नुकताच उतरलेला.
पुढे ऊन पडलं, पाणी निवळलं,
मी वहीत बेरीज करत गेले,
शंभर झाले, एकशे चार झाले.
दाणे तसेच. तोंड मिटून.

‘पहिल्या पाण्यात जे अंग आखडलं
ते वहीत येत नाही,’ इसोएबाई म्हणाल्या.
‘आणि मागचा ऑगस्ट आठवतो?’

आठवतो. पंख्याखाली उशी भिजायची.
बाहेर सदतीस अंशांत
लोंब्यांमधलं दूध घट्ट होत होतं,
आणि झोप त्या दुधातच मुरत होती,
आम्हाला न कळता.
‘तापल्या वर्षाचं बी गाढ झोपतं.
यंदा एकशे वीस मोज. जास्तच.’

कधीच्या एका सप्टेंबरबद्दलही त्या सांगतात,
तेरुआकी शाळेत होता तेव्हाच्या.
वादळानं शेत आडवं केलं, वर नऊ दिवस पाऊस,
कोमट, रेंगाळणारा.
कापणी आठवड्यावर,
आणि चिखलाला टेकलेल्या लोंब्यांना
हिरवे मोड.
वाण चवीला गोड, झोपेला हलकं.
‘थेंब पडला की सकाळ झाली वाटायचं मेल्याला.’
कोंबड्या तेवढ्या सुटल्या त्या वर्षी.

म्हणजे झोप हवी,
पण मे महिन्यात लावणीचं यंत्र
दारात ताटकळेल इतकी नको.
हे माप कुणाच्या हातात आहे
मी विचारलं नाही.

विहिरीच्या बारा अंशांत आणखी दोन दिवस.
मग शनिवारी रात्री
आधी इसोएबाई, मग तेरुआकी, मग मुलगी, शेवटी मी,
सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर
त्याच टबात, आमच्या उरल्यासुरल्या उबेत
पोती उतरवली. बत्तीस अंश.
वर झाकण, झाकणावर जुनी रजई.

दोन वाजता थर्मामीटर घेऊन गेले
तर त्या आधीच तिथे,
लाकडी स्टुलावर, कोपरापर्यंत हात पाण्यात.
‘एकोणतीस,’ म्हणाल्या.
मी मोजलं. एकोणतीस.
दोन किटल्या गरम पाणी ओतलं
आणि भिंतीला टेकून बसलो, दोघी,
तापकऱ्याच्या उशाशी बसावं तशा.

उजाडताना पोत्याचं तोंड सोडलं.
तळहातावर एक दाणा:
टरफल टोकाशी उसवलेलं,
आत पांढरा, एवढासा फुगवटा.
याला इथे हातोमुने म्हणतात, कबुतराची छाती.
इथेच थांबवायचं. याहून पुढे गेलं
तर पेरताना मूळ मोडतं.

दहा मोजले. सात जागे.
‘या तिघांचं काय?’
‘पेर तसेच. मेमध्ये कधी
थंडी उलटून येते.
घरात एखादं उशिरा उठणारं असू द्यावं.’

तेवढ्यात मुलगी दारात, डोळे चोळत:
टबाला पेंढ्याचा वास येतोय,
आज मी कुठे नहायचं?