सामान्यतः

शुक्रवारी सकाळी सोहारच्या माझ्या फ्लॅटवर
माणसांच्या आधी त्यांचे पासपोर्ट आत येतात.
खाली मलबारी शिंप्याचं दुकान,
जुम्म्याची नमाज होईतो त्याचं मशीन बंद.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं, तेवढाच आवाज.
जुलै आहे. रिटर्न भरायचे दिवस.

एरवी मी बंदरातल्या एका कंपनीचे हिशेब लिहिते.
हे हिशेब फुकटचे:
चिपळूणच्या गाळ्याचं भाडं,
ठेवीच्या व्याजातून बँकेनं परस्पर कापलेले तीस टक्के,
आणि कुणाची तरी आई, फोनच्या स्पीकरवर,
'तिथं कर नाही ना? मग इथं कसला मागतात?'
जसा कायदा मीच रात्री बसून केला.

आज मन्सूर हमदुले. वेसवीचा.
अठरा वर्षं क्रेनवर, आणि गेल्या साली खांदा निखळला,
म्हणून घरी दोन खेपा.
नऊ मे ते चार ऑगस्ट.
अठ्ठावीस नोव्हेंबर ते एक मार्च.
आलेला दिवस धरायचा, गेलेलाही धरायचा.
मी पेरांवर मोजते, मग कॅल्क्युलेटरवर,
मग पुन्हा पेरांवर.
अठ्ठ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव.
एकशे ब्याऐंशी.

एक दिवस कमी असता, तर तू अनिवासी होतास.

इथला व्हिसा सलग एकशे ऐंशी दिवस बाहेर राहिलं की मरतो,
तिथला निवास एकशे ब्याऐंशीला जन्मतो.
मधले दोन दिवस माणूस कुठं ठेवायचा
हे दोन्हीकडच्या फॉर्मात नाही.

'तिकीट तर अठ्ठावीस फेब्रुवारीचं दिसतंय?'
'बदललं. तेवीसशे जास्त भरून.'
'काय काम होतं?'
'काम काय असणार.
अंगणात सोडे वाळत घातले होते.
कावळे येतात ना. काठी घेऊन बसलो.'
'दिवसभर?'
'जेवायला उठलो मधे.'

त्याचा चांगला हात टेबलावर पालथा पडलाय.
मनात त्यानं सहा महिन्यांचा पगार, ओव्हरटाइम,
सगळं रुपयांत करून तीसनं गुणलंही असेल.
थांब, मी म्हणते. तिसरा रकाना आहे.
मागच्या दहा वर्षांतली नऊ तू बाहेर काढलीस,
म्हणजे तू निवासी,
पण सामान्यतः निवासी नव्हेस.
इथला पगार ते मोजत नाहीत.
सुटलास.
मी हे अशा थाटात सांगते,
जशी खिरीवरची झाकणी उचलतेय.

तो हसत नाही.
'सामान्यतः नाही,' तो म्हणतो,
शब्द दाढेखाली धरून बघावा तसा.
'आमच्या घरात हे अठरा वर्षं फुकट सांगतायत मला.
दारावर पाटी माझ्या नावाची,
आणि पाण्याची मोटर कुठल्या बटणानं लागते
ते धाकटीला विचारायला लागतं.'

माझा स्वतःचा पासपोर्ट खणात आहे.
गेल्या साली एकोणीस दिवस,
त्यातले चार वकिलाच्या बाकावर.
मला कुठल्याच रकान्याची अडचण नाही.

फॉर्म भरला. आकडा शून्य आला.
एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला
शून्य हातात देणं बरं वाटतं.
दारात सँडल चढवताना तो वळला.
'तो दिवस, कावळ्यांचा,
तो धरलात ना मोजताना?'
'धरला. त्याच्यामुळेच तर सगळं झालं.'
'नाही, धरला असला म्हणजे बरं.'

मग पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढून
ठेवला माझ्या लेजरवर.
'त्यातलेच आहेत.'

कस्टमला दाखवले होते का, हे मी विचारलं नाही.
खाली मशीन सुरू झालं.
रविवारपर्यंत माझ्या फ्लॅटला
वेसवीच्या अंगणाचा वास होता.