पोटात घालणारा

माशावेरा नदीच्या पाटावर
त्सियाला फाटके मोजे भरत बसते.
फिकट हिरव्या दगडाचा चुरा,
मक्याच्या दाण्याएवढा,
पोत्याला सात लारी.

खाणीकडून पाणी येतं नितळ.
कॅडमियमला ना रंग, ना वास;
वालाच्या वेलांना काय कळणार?

दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
हा उलट्या काळजाचा:
आपल्यातलं मीठ सोडतो,
रिकाम्या जागी विष घेतो
मुकाट,
कुणाचे अपराध पोटात घालावेत तसं.

द्राक्षं उतरल्यावर तिनं मोजे उपसले.
वजन तेवढंच वाटलं.
"आता हे टाकायचे कुठे?"
शेजारच्या बाद्रीनं विचारलं.

तिनं वर पाहिलं, खाणीच्या फाटकाकडे.
मग मोजे मोजले. एकोणचाळीस.
"तुझी गाडी काढ," म्हणाली.