नाकपुडीतला मायक्रोफोन

जुनं यंत्र एका अर्थी बरं होतं.
कानामागच्या स्क्रूवरून टक्कन काढायचं,
डोक्याचं सोंग घेतलेल्या डबीवर बसवायचं
आणि विचारायचं, बोल, किती जोर उरलाय?
आल्फहिल्डचं कातडीखाली शिवलेलं आहे.
ते बाहेर येत नाही, मला आत जाता येत नाही.

म्हणून नाकपुडी.
नळीला स्पंजाचं बोंडूक, नळीमागे मायक्रोफोन.
"तोंड मिटा. श्वास धरा. गिळू नका."
योतेबोरीत एकतीस वर्षं ट्राम हाकलेली बाई
लाल सिग्नलला थांबावं तशी थांबते.

मी स्वर सोडते, खर्जातून वर वर.
आतलं चुंबक थरथरतं, मग कवटी,
आणि हाडाच्या पोटात काही राहत नाही:
या कानाचं त्या कानाला कळतंच,
वर थोडं नाकातून सांडतं.
ते सांडलेलं मी मोजते.
(बुरोसला माझी आई शेजारणींना सांगते,
मुलगी नाकाची डॉक्टर आहे.)

पहिल्या खेपेला तिला शिंक आली. दुसऱ्या खेपेला हसू.
तिसऱ्या वेळी खालून ट्राम गेली,
जाड भिंतींना न विचारता, जमिनीतून,
आणि आलेखाला एक दात फुटला.
आल्फहिल्डने बोट वर केलं:
"सहा नंबर. मागचं चाक चपटं झालंय."
हाडाची ट्रामवाली.

तिची तक्रार साधी. नाताळाच्या आधीपासून आवाज उतरलाय.
नातू पाण्याखालून बोलतो.
यार्नतोर्गेतच्या वळणावर रूळ किंचाळायचे, आता कुजबुजतात.
"यंत्र थकलंय. बदलून टाका."

चौथी खेप स्वच्छ आली.
निळी रेघ शस्त्रक्रियेच्या दिवसाची, सात वर्षांपूर्वीची.
लाल रेघ आजची.
लाल निळीवर जाऊन निजली,
दोन डेसिबलच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
अशा रेघेसाठी आम्ही प्रयोगशाळेत
एकमेकांना केक खाऊ घालतो.

"यंत्र ठणठणीत आहे," मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच कळलं काय म्हटलं ते.

तिने चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवलं,
सकाळच्या पहिल्या फेरीआधी रूळ बघावेत तसं,
कुठे फट आहे का.
"म्हणजे यंत्र नाही," ती म्हणाली. "मी."

यंत्राला हमी असते, सुटे भाग असतात.
आतल्या शंखाला नसतात.
हे सांगायला माझ्याकडे छापील पत्रक आहे,
ते खणातच राहिलं.

"परत एकदा मोजा," ती म्हणाली,
"मघाशी मी श्वास नीट धरला नव्हता."

धरला होता.
मी नवं बोंडूक काढलं.